कूलरचं पाणी आणि अ‍ॅड्रेस बुकातला 'एएएए'

मागच्या रविवारी नागपूरच्या इतवारी बाजारात व्यापाऱ्यांची एक बैठक झाली. बाजारातल्या एका ठोक दुकानदाराच्या ईमेलवरून त्याच्या सगळ्या ग्राहकांना 'थकीत बिल' नावाची अटॅचमेंट गेली होती. बिल समजून तिघाचौघांनी ती उघडली आणि दोन दुकानांचे हिशेब आठवडाभर बंद पडले. त्यांतल्या एका दुकानाचं जीएसटीचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मीही गेले होते. चर्चा दोन तास चालली, आवाजही चढले. घरी परतताना मात्र मन खट्टू झालं होतं, कारण दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडत होत्या.

एक बाजू मस्कासाथेत चाळीस वर्षं किराण्याचा व्यापार करणाऱ्या एका काकांची. त्यांचा उपाय असा, की ईमेलच्या अ‍ॅड्रेस बुकात सगळ्यात वर 'एएएए' नावाचा एक खोटा पत्ता घालून ठेवायचा. व्हायरस यादीतल्या पहिल्या नावापासून मेल पाठवायला लागतो, पहिलाच पत्ता खोटा निघाला की तो तिथेच अडकतो आणि तुम्हाला पत्ता चुकल्याचा संदेश दिसतो. "पैसा लागत नाही, दोन मिनटाचं काम आहे. करून पाहायला काय जाते?" दुसरी बाजू मिहान या इथल्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरची. तो म्हणाला, "अशा युक्त्यांनी काही होत नाही काका. चांगलं सॉफ्टवेअर विकत घ्या आणि माणसांना शिकवा. लोकच डोळे झाकून क्लिक करतात, त्याला कोण काय करणार?"

माझं मत या दोघांपेक्षा वेगळं आहे. साध्या युक्तीने ईमेलचा व्हायरस थांबतो. तो तसा थांबलेलाही आहे, आणि एकदाच नव्हे. पण ती युक्ती व्हायरसच्या वाटेवर बसायला हवी, लागण होण्याआधी बसायला हवी, आणि प्रत्येकाने लक्षात ठेवून करण्यापेक्षा कुणीतरी एका जागी सगळ्यांसाठी करून ठेवलेली असायला हवी. काकांची युक्ती इथे कमी पडते. आणि इंजिनिअर जे झिडकारतो आहे तो साधेपणा, खरा दोष त्यात नाहीच.

काकांची युक्ती वेडगळ नाही, हे आधी मान्य करू. २६ मार्च १९९९ रोजी 'मेलिसा' नावाचा व्हायरस पसरू लागला. तो वर्डच्या फाइलमधून यायचा आणि आउटलुक या ईमेलच्या प्रोग्रामच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवायचा. पुढच्या वर्षी ४ मेला 'आय लव्ह यू' आला. त्याने पन्नासांवरही समाधान मानलं नाही, सगळी यादीच उचलली. ब्रिटनच्या संसदेला आपली ईमेल यंत्रणा बंद करावी लागली. यादीच्या डोक्यापासून सुरुवात करणारा चोर ज्यांनी पाहिला, त्यांना डोक्यावरच खोटं नाव बसवावंसं वाटलं, तर ते स्वाभाविकच होतं. कुणी 'एएएए' घातलं, कुणी उद्गारचिन्हापुढे चार शून्यं घातली. काही महिन्यांपूर्वी एका जुन्या ग्राहकाचा बंद पडलेला कॉम्प्युटर रिकामा करताना त्याच्या अ‍ॅड्रेस बुकात मला ते नाव सगळ्यात वर दिसलं. पंधरावीस वर्षांपूर्वी कुणीतरी काळजीने घातलेलं असणार. त्याखाली नागपूर, अमरावती, अकोल्याच्या व्यापाऱ्यांचे खरे पत्ते होते, आणि ते सगळे उघडे होते.

एकाच वेळी पन्नास जणांना गेलेल्या मेलमध्ये एक पत्ता खोटा असला, तर तो एक मेल परत येतो आणि बाकीचे एकोणपन्नास पोचतात. टपालखातं एका चुकीच्या पत्त्यासाठी अख्खी थैली परत पाठवत नाही. आणि हे झालं जुन्या व्हायरसचं. २००४ च्या जानेवारीत आलेल्या 'मायडूम'ने तर फक्त अ‍ॅड्रेस बुकावर विसंबणंच सोडून दिलं होतं. डिस्कवरच्या फाइली धुंडाळून तो पत्ते गोळा करायचा आणि मेल पाठवायचं यंत्र स्वतःच सोबत घेऊन यायचा. त्याच्या आधीचा 'क्लेझ' पाठवणाऱ्याचं नावच बदलायचा. लागण माझ्याकडे झालेली असायची आणि मेल तुमच्या नावाने जायची. मग खोट्या पत्त्यावरून परत आलेला संदेश कुणाकडे जाणार? तुमच्याकडे. ज्याला सावध करायचं तो निवांत राहणार, आणि ज्याचा काही संबंध नाही तो आपलं मशीन उलटंपालटं करत बसणार.

समजा, इतकं सगळं असूनही ती युक्ती चालली. पहिल्याच पत्त्यावर व्हायरस अडकला आणि काकांना संदेश दिसला. म्हणजे नेमकं काय झालं? व्हायरस काकांच्या मशीनमध्ये आलेलाच आहे. मेलिसाच्या काळी पसरणं हेच त्याचं मुख्य काम होतं, म्हणून पसरणं अडवलं तर निदान शेजाऱ्यांचं भलं व्हायचं. आजच्या व्हायरसला पसरण्याची तितकी घाई नसते. तो आधी साठवलेले पासवर्ड उचलतो, बँकेच्या व्यवहारांवर डोळा ठेवतो, नाहीतर फाइलींना कुलूप घालून खंडणी मागतो.

नागपूरकराला हे समजायला लांब जायला नको. मार्चपासून आपल्या घराघरांत कूलर लागतात, आणि पावसाळ्यात ते बंद झाले की टाकीतलं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा डास त्याच पाण्यात वाढतो. महापालिकेची माणसं दारात येऊन एवढंच सांगतात की आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करा. याहून साधी युक्ती कोणती? पण त्या 'आठवड्या'मागे डासाचं पूर्ण आयुष्य अभ्यासलेलं आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून त्याच्या आत पाणी ओतून द्यायचं. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून टाकी घासावी लागते. ज्याला हे ठाऊक नाही तो दर रविवारी प्रामाणिकपणे पाणी ओततो आणि तरीही डास पोसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मी लहानपणापासून मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला उभी राहिले आहे, अजूनही राहते. पण घरी आल्यावर आई आम्हा भावंडांना ब्रश देऊन कूलरच्या टाकीशी बसवायची. मारबतीने गाव एकत्र येतं, ही मोठी गोष्ट आहे. टाकी मात्र टाकीपाशी जाऊनच घासावी लागते.

काकांचा प्रश्न होता, करून पाहायला काय जाते. तो मी हलक्याने घेत नाही, कारण बैठकीतल्या बहुतेकांच्या मनात तोच होता. पण काही जातं, आणि ते कसं हे एकदा घडून गेलेलं आहे. २००१ मध्ये जगभर एक मेल फिरली, की तुमच्या विंडोजमध्ये 'सल्फएनबीके' नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, ती ताबडतोब काढून टाका आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. लोकांनी शोधलं, तर फाइल खरोखर सापडली. सापडणारच, कारण ती विंडोजचीच होती, लांब नावांच्या फाइली सांभाळणारी. पुढच्या वर्षी तसाच निरोप टेडी बेअरचं चित्र असलेल्या दुसऱ्या एका फाइलबद्दल फिरला. तीही विंडोजचीच. जे काम व्हायरसने करायचं ते लोकांनी आपल्या हाताने केलं. फाइल काढली आणि निरोप अख्ख्या अ‍ॅड्रेस बुकाला पाठवला. जो उपाय का चालतो हे कुणीच सांगत नाही, फक्त 'सगळ्यांना कळवा' एवढंच सांगतं, त्या उपायाच्या पसरण्यात आणि मेलिसाच्या पसरण्यात मला फारसा फरक दिसत नाही. आणि दुसरं जातं ते लक्ष. एएएए घातल्यावर काकांनी वर्षभर अपडेटकडे पाहिलं नाही. बंदोबस्त केला आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आता काकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, जो बैठकीत कुणी मांडलाच नाही. साध्या युक्तीने मोठा रोग हटल्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नारू. पायातून हातभर लांब कृमी निघायचा, माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. नारूवर लस नव्हती, आजही नाही. उपाय होता पाणी कपड्याने गाळून पिण्याचा. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. एवढ्या साध्या फडक्याने हे झालं, मग साध्या युक्त्यांना नावं का ठेवायची?

नावं ठेवूच नयेत. पण ते फडकं का चाललं ते पाहावं. नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लोप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात बसून माणसाच्या पोटात जातात, आणि तो जीव कापडात अडकण्याइतका मोठा असतो. म्हणजे फडकं नेमकं रोगाच्या वाटेवर बसलं, घोट पोटात जाण्याआधी. कावीळ पसरवणारा विषाणू त्याच फडक्यातून आरपार जातो. शिवाय एकट्या फडक्यावर सोडून दिलं नव्हतं. पायऱ्यांच्या विहिरी बदलून ओढून पाणी काढायच्या केल्या, हातपंप बसवले, म्हणजे नारूचा रोगी पाण्यात पाय घालूच शकणार नाही आणि कृमीची पिल्लं पाण्यात सुटणार नाहीत. गावातल्या प्रत्येकाने रोज आठवण ठेवायची गरज विहिरीच्या बांधकामानेच कमी केली.

इंजिनिअरलाही एक उदाहरण आडवं येतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुणाने व्हायरसच्या आत लिहिलेला एक वेबपत्ता स्वतःच्या नावे नोंदवला आणि पसरणं थांबलं. युक्ती साधी होती आणि ती चालली. पण ती चालली कारण व्हायरसच्याच आत तशी अट होती: हा पत्ता जिवंत दिसला तर थांबायचं. हचिन्सने व्हायरस उघडून वाचला म्हणून ती कळ सापडली. ती दुसऱ्या कुठल्या व्हायरसला लागू नव्हती, आणि ज्यांच्या फाइली आधीच बंद झाल्या होत्या त्या उघडल्या नाहीत. ज्या भोकातून वॉनाक्राय शिरला ते बुजवणारं अपडेट मात्र मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्चमध्येच दिलेलं होतं. ते चढवणं हीसुद्धा साधीच गोष्ट होती, आणि ज्यांनी ते चढवलं त्यांच्याकडे तो त्या वाटेने येऊच शकला नाही.

राहता राहिलं इंजिनिअरचं लाडकं वाक्य: लोकच क्लिक करतात. मला याची चीड येते, आणि ती मी लपवत नाही. 'आय लव्ह यू'च्या अटॅचमेंटचं पूर्ण नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असं होतं. शेवटचा व्हीबीएस म्हणजे चालणारा प्रोग्राम. पण ओळखीच्या प्रकारच्या फाइलींचं शेपूट लपवायचं, ही विंडोजची मुळातलीच सेटिंग. म्हणून माणसाला दिसायचं फक्त टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. ज्याला खिडकीच रंगवून दिली, त्याला बाहेरचं दिसलं नाही म्हणून मूर्ख ठरवायचं?

जुलैत माझ्या ऑफिसात एक दिवस येऊन बसा. ३१ तारीख आयकर विवरणपत्रांची. माझी सहायक सकाळी दहाला मेल उघडते आणि संध्याकाळपर्यंत शंभराच्या घरात अटॅचमेंट पाहते. फॉर्म १६, बँकेची विवरणं, भाड्याच्या पावत्या. 'स्कॅन००३' नाव असतं, कधी नुसतं 'डॉक' असतं. निम्मी माणसं पहिल्यांदाच मेल पाठवत असतात, काही जण मुलाच्या आयडीवरून, काही जण शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या आयडीवरून. 'अनोळखी माणसाची अटॅचमेंट उघडू नका' हा सल्ला तिने पाळला तर मला ऑफिसला कुलूप लावावं लागेल. आणि ओळखीच्याचीच उघडायची म्हटलं, तरी इतवारीतली ती 'थकीत बिल' ओळखीच्याच माणसाकडून आली होती ना? 'इमोटेट' नावाचा व्हायरस तर चोरलेल्या जुन्या मेलच्या धाग्यातच उत्तर म्हणून येऊन बसायचा. वर तुमचाच मजकूर, तुमचाच विषय, खाली नवी अटॅचमेंट. शंभरातली नव्व्याण्णव ओळखून एकावर चुकलेल्या माणसाला दोष देणं म्हणजे सगळ्या व्यवस्थेचं ओझं सगळ्यात कमी पगाराच्या खुर्चीवर टाकणं आहे. शिकवायला हवं, मीही शिकवते. पण शिकवण्यावर सगळं टांगून ठेवणं हा उपाय होत नाही.

मग व्हायरस खरोखर कशाने थांबले? जून २००० मध्ये आउटलुकसाठी एक बदल आला. चालणाऱ्या प्रोग्रामच्या अटॅचमेंट उघडायलाच मिळेनात, आणि दुसरा कुठला प्रोग्राम अ‍ॅड्रेस बुकाला हात लावू लागला तर आउटलुक आधी विचारू लागलं. काकांच्या युक्तीला जे करायचं होतं तेच हे होतं, फक्त योग्य जागी. पेन ड्राइव्हचं उदाहरण सगळ्यांना आठवेल. झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह लावला आणि घरी आणला की सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेले. त्यातल्या कितीतरी व्हायरसांची मदार एकाच सोयीवर होती: ड्राइव्ह लावला की आतला प्रोग्राम आपोआप चालायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही ती सोय अपडेटमधून बंद केली आणि त्या वाटेची लागण घटली. जीमेल आज ईएक्सई, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल जोडूच देत नाही, झिपमध्ये लपवली तरी नाही. आणि २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेलच्या फाइलींमधले मॅक्रो ऑफिसने मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. मॅक्रो म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्राम, तीच मेलिसाची वाट. १९९९ मध्ये दिसलेलं भोक बुजवायला तेवीस वर्षं लागली! यातली प्रत्येक युक्ती ओळीभरात सांगता येते. त्यासाठी कुणाला हुशार व्हावं लागलं नाही.

इंजिनिअर यावर म्हणेल, आणि खरंच म्हणेल, की एक वाट बुजवली की चोर दुसरी काढतात. मॅक्रो बंद झाल्यावर त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या फाइली काढल्याच. आता तर ईमेलही मागे पडली. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' येते, उघडायला गेलं तर ती एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल निघते, आणि बसली की ओटीपीचे मेसेज परस्पर पाठवू लागते. २००० सालचं प्रेमपत्र आता पत्रिका होऊन येतं. पण म्हणून बुजवणं व्यर्थ ठरतं का? कूलर कोरडा केला तर डास टायर शोधतो, म्हणून कूलर भरून ठेवायचा का? पत्रिकेच्या बाबतीतही फोन आधी विचारतोच, 'अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू द्यायचं का' म्हणून. ज्याने ती परवानगी एकदा देऊन उघडीच ठेवली आहे, त्याला पुन्हा विचारलं जात नाही. इथे घासायची टाकी ती आहे.

पैशांचा मुद्दा उरतो, आणि तो काकांच्या बाजूने आहे. 'चांगलं सॉफ्टवेअर घ्या' हे मिहानमध्ये सोपं आहे. मस्कासाथेतल्या दुकानात अजून विंडोज ७ चालतं, ज्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले. मशीन चालतं आहे तोवर कोण बदलतो? त्यांना फुकटचा, दोन मिनिटांचा उपाय हवा, ही मागणी रास्त आहे. माझा आग्रह एवढाच, की त्या दोन मिनिटांत फाइलींची शेपटं दिसू लागण्याची सेटिंग करा, ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा लावा, आणि शुक्रवारी संध्याकाळी हिशेबाचा बॅकअप घेऊन ती डिस्क मशीनपासून काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप बसतं, तसं त्या दोन दुकानांतल्या एकात बसलं.

बैठक संपल्यावर काका म्हणाले, "मॅडम, येऊन माझं मशीन तर पाहा." मंगळवारी गेले. अ‍ॅड्रेस बुकात एएएए होतं, ते तसंच राहू दिलं. एक्सेलची सेटिंग उघडली तर मॅक्रो सगळेच्या सगळे चालू. मुळात बंद असणारी गोष्ट कुणी उघडली? काकांना तर मॅक्रो हा शब्दही माहीत नव्हता. विचारता विचारता कळलं, की दोन वर्षांपूर्वी बिलिंग सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने स्टॉकची एक एक्सेल फाइल चालावी म्हणून ते केलं होतं. शेजारच्या दुकानात पाहिलं, तिथेही तेच. पलीकडच्या गल्लीत, तिथेही तेच, आणि 'थकीत बिल' उघडलेल्या दुकानातही. तो माणूस त्या बाजारात जिथे जिथे गेला, तिथे तिथे त्याने आपल्या सोयीसाठी पायऱ्यांची विहीर पुन्हा उघडून दिली होती. २०१७ मध्ये युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस निघाला आणि मुंबईजवळच्या आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, हे मी काकांना सांगितलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याने किती काळजी घ्यावी, हा आता आपल्याही बाजाराचा प्रश्न आहे.

इंजिनिअरला फोन करून बोलावलं. त्याने तासाभरात ती स्टॉकची फाइल मॅक्रोशिवाय चालेल अशी करून दिली आणि काकांच्या मशीनवर मॅक्रो बंद केले. विक्रेत्या कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी लिहिला आहे: तुमच्या सगळ्या ग्राहकांची ही सेटिंग पंधरा दिवसांत पूर्ववत करा आणि यापुढे ती बदलायची झाली तर दुकानदाराची लेखी संमती घ्या. काकांनी त्यावर पहिली सही केली आहे. बाकीच्या सह्या घ्यायला उद्या सकाळी ते स्वतः फिरणार आहेत.